दार लावून बसलं की लोक विचारतात बरं नाही का

सेनेगलमध्ये स्थानिक कुटुंबात राहिलेल्या व्हॉलंटियरबद्दलचा लेख वाचला, त्यात त्या होस्ट फॅमिलीबद्दल तक्रार आहे की एकांत मिळत नाही, ते शंभर टक्के खरंय, मी तिथल्याच थिएस शहराजवळ एका घरी राहिलेय. पण लेखात जेवणाबद्दल फक्त एक वाक्य? अहो दुपारी चेबुजेनची, म्हणजे तिथल्या मासे-भाताची, परात मध्ये येते, सगळे भोवती बसतात, प्रत्येकाने आपल्या समोरचंच खायचं, उजव्या हाताने नाहीतर चमच्याने, आणि मासा गाजर कोबी मधोमध असतं ते घरची आई तोडून तोडून तुमच्या पुढ्यात सरकवत राहते, पोट भरलं म्हणालात तरी "लेक्कल, लेक्कल" (खा, खा) चालूच!! तांदूळ म्हणजे कणी, तिकडे तीच आवडीची, बरीचशी आपल्याच देशातून जाते. नंतर अताया, कोळशाच्या शेगडीवर उकळलेला ग्रीन टी, तीन फेऱ्या, फेस येईपर्यंत वरून ओतत बसतात, तासदोन तास सहज जातात, घाई असलेल्याने त्या वाटेला जाऊच नये. आणि मला तिथलं आडनाव मिळालं एन्जाय, एन्जाय आणि जोप आडनावाच्या लोकांनी एकमेकांची थट्टा करायची हा तिथला रिवाजच, मग काय, बाजारात कुणीही जोप आडनावाचा भेटला की भातखाऊ म्हणून चिडवणार, ओळख असो नसो. माझं मत विचाराल तर त्या चिडवण्यामुळेच मी तिथे लवकर रुळले, ट्रेनिंगमुळे नाही.