'विष हे विषच' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

बाणांच्या विषांवरच्या माझ्या लेखाला एक प्रतिक्रिया आली, क्युरारे या दक्षिण अमेरिकेतल्या बाणविषाबद्दल. तिचा गाभा असा: "क्युरारेने मारलेल्या शिकारीचं मांस खुशाल खाता येतं ही भाकडकथा आहे. विष हे विषच. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्यांनी असलं बेजबाबदार लिहू नये." शिवाय तीन तक्रारी: स्ट्रोफँथस या आफ्रिकन वनस्पतीच्या विषाला मी 'चीक' म्हटलं, क्युरारेतल्या ट्युबोक्युरारिन या द्रव्याची जुनी रचना दिली आणि लिव्हिंगस्टनच्या मोहिमेतल्या डॉक्टर जॉन कर्कचा किस्सा गाळला.

'गंध नसलेल्यांनी'! अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं) शिकवण्यात बावीस वर्षं गेली आहेत माझी, तेव्हा गंधाचं राहू द्या. नुसतं विचारलं असतंत तर चार ओळींत सांगितलं असतं. तुम्ही थेट निकालच वाचून दाखवलात, म्हणून हे एवढं लांबण.

तुम्हाला खुपलेलं वाक्य क्युरारेपुरतंच आहे आणि त्याचं कारण रेणूतच आहे. काँड्रोडेंड्रॉन टोमेंटोसम या वेलीतल्या ट्युबोक्युरारिनमध्ये एका नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले असतात, त्यामुळे त्याच्यावर कायमचा धन भार. असा भारित रेणू आतड्याच्या पेशींचं स्निग्ध पटल सहजी ओलांडत नाही. जखमेतून मात्र तो सरळ रक्तात जातो आणि मज्जातंतू स्नायूला जिथे भिडतो तिथे ॲसिटिलकोलिनची, म्हणजे स्नायूला निरोप देणाऱ्या द्रव्याची, जागा अडवून बसतो. स्नायू ढिले पडतात, श्वास थांबतो, हृदय मात्र धडधडत राहतं. १८१४ साली इंग्रज निसर्गअभ्यासक चार्ल्स वॉटरटनच्या प्रयोगातली गाढवी क्युरारे देऊनही वाचली, कारण विष ओसरेपर्यंत भात्याने तिच्या फुप्फुसात हवा भरत राहिले. १९४२ साली माँट्रियलमध्ये हेच द्रव्य शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला वापरलं गेलं. 'विष हे विषच' या सूत्रात ही गाढवी कुठे बसवायची ते तुम्हीच सांगा.

'शिजवल्यामुळे विष मरत असेल' हा नेहमीचा खुलासाही इथे चालत नाही. क्युरारे मुळात आटवूनच करतात, उष्णतेने ते जात नाही. मांस खाणाऱ्याला वाचवतं ते आतडं. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंडात जखम असेल तर ही सवलत नाही, हे लेखात लिहायला हवं होतं. तेवढं मान्य.

बचनागाची गोष्ट नेमकी उलटी. त्यातलं ॲकोनिटिन पेशींच्या पटलातल्या सोडियमच्या वाहिन्या उघड्याच ठेवतं आणि पोटातूनही जीव घेतं. उत्तर जपानमधले ऐनू शिकारी बाणाभोवतीचं मांस कापून टाकत ते उगाच नव्हे. मात्र ॲकोनिटिन एस्टर आहे, म्हणजे पाण्याने तुटू शकणारी जोडणी त्यात आहे. पाण्यात बराच वेळ उकळलं की आधी ॲसिटिल गट सुटतो, मग बेंझॉइल, आणि प्रत्येक पायरीला विषारीपणा उतरतो. म्हणजे क्युरारेला न लागू पडणारा खुलासा इथे निदान काही अंशी लागू पडतो. ही सगळी द्रव्यं एका पिशवीत घातली की असले घोळ होतात, आणि ती पिशवी मी नाही, तुम्ही शिवली आहे.

ॲकोकँथेरा या आफ्रिकन झाडातल्या वाबाइन या हृदयावर चालणाऱ्या विषावर तर भारच नसतो. पण त्याच्या रेणूवर आठ मोकळे हायड्रॉक्सिल गट आहेत, तो पाण्याला धरून राहतो आणि आतड्यातून फार कमी शोषला जातो. त्याच रासायनिक कुळातल्या डिजिटॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या स्टेरॉइड सांगाड्यावर एकच मोकळा हायड्रॉक्सिल आहे. तो पोटातून जवळजवळ सगळा शोषला जातो, म्हणून त्याच्या गोळ्या निघाल्या आणि वाबाइन शिरेतून द्यावं लागलं. 'कमी शोषतं' म्हणजे 'निर्धोक' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. सावकाश वाचा.

आता किरकोळ बाबी. ट्युबोक्युरारिनच्या रचनेबद्दल तुमचं बरोबर. रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड किंगने १९३५ साली त्यातले दोन्ही नायट्रोजन चतुर्थक (चार कार्बन जोडलेले) मानले, १९७० साली त्यातला एकच तसा ठरला. मी जुनं चित्र लावलं, ते बदलतो. पण दुसरा नायट्रोजन शरीराच्या पीएचला बहुतांशी प्रोटॉन धरूनच असतो, त्यामुळे आतड्याबद्दलच्या मुद्द्याला धक्का लागत नाही. स्ट्रोफँथसचं विष बियांतून येतं, हेही खरं. 'चीक' हा शब्द अँटिॲरिस या झाडाला शोभतो, तिथे खराखुरा चीकच असतो.

राहिला कर्क. लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतल्या झांबेझी मोहिमेत कर्कच्या खिशातल्या दात घासायच्या ब्रशला थोडं विष लागलं, तोंड कडू झालं आणि नाडी मंदावली. किस्सा झकास आहे, पण तो स्ट्रोफँथसचा आहे, क्युरारेचा नाही. लेख लांबला म्हणून मी तो गाळला होता. तो माझ्या विरोधात जातो म्हणून गाळला, हा शोध तुमचा.