टाइप आहेत का, एवढंच विचारलं होतं

हो किंवा नाही. एवढंच उत्तर हवं होतं मला. टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, काम करतो मी; या पॅकेजात, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडात, टाइप (कुठलं फंक्शन काय घेतं, काय देतं याची नोंद) आहेत का? त्यापायी शुक्रवारची अख्खी दुपार गेली, संध्याकाळ गेली, आणि आत्ता रात्री साडेनऊला डबा तसाच बॅगेत ठेवून मी चरफडत बसलोय.

काम काय, तर एक्सेल फाइल वाचायची. त्याचं एक छोटंसं पॅकेज मिळालं, टाकलं, इम्पोर्टची ओळ लिहिली आणि खाली लाल नागमोडी रेघ. टाइपस्क्रिप्टची चूक, टीएस 7016. म्हणे या मॉड्यूलची डिक्लेरेशन फाइल (टाइप लिहिलेली फाइल) सापडत नाही, म्हणून ते एनी, म्हणजे 'काहीही चालेल', धरलंय. वर सल्ला : अ‍ॅट-टाइप्सवालं, म्हणजे नुसत्या टाइपांचं वेगळं, पॅकेज टाकून बघा, असेल तर. असेल तर! अरे, कोड तपासणारा कंपायलर तू आहेस. तुलाच माहीत नाही तर मी काय पंचांग काढून बघू?

मग पॅकेजची माहिती देणारी फाइल, रीडमी, उघडली. बिल्ड पास झाल्याचा हिरवा बिल्ला आहे, डाउनलोडचा आकडा आहे, मला कॉफी पाजा म्हणून लिंकसुद्धा आहे. टाइपबद्दल अवाक्षर नाही. एक ओळ लिहायला काय जातं रे तुमचं? 'टाइप नाहीत' असं लिहा हवं तर, मी शिव्या न देता पुढे जाईन.

एनपीएमच्या, म्हणजे पॅकेजं जिथून मिळतात त्या साइटच्या, पानावर पॅकेजच्या नावाशेजारी एक बारीक चौकोन असतो. निळा टीएस दिसला तर टाइप पॅकेजातच आहेत, पांढरा डीटी दिसला तर ते डेफिनिटलीटाइप्ड या लोकांनी लिहिलेल्या टाइपांच्या सामायिक साठ्यातून वेगळे आणायचे. माझ्या पॅकेजला निळा नव्हता. टर्मिनलवर एनपीएम व्ह्यू (पॅकेजची नोंद दाखवणारी आज्ञा) करून टाइप्स हे फील्ड मागितलं. उत्तर : कोरी ओळ. यावरून टाइप नाहीत असं म्हणावं, तर तेही खात्रीनं म्हणता येत नाही! मुख्य फाइलीशेजारी त्याच नावाची डॉट-डी-डॉट-टीएस, म्हणजे टाइपची, फाइल पडलेली असेल तर टाइपस्क्रिप्ट ती आपणहून उचलतं. किंवा टाइपचा पत्ता एक्सपोर्ट्सच्या, म्हणजे पॅकेजातलं काय कुठून घ्यायचं त्या यादीच्या, आत लिहिलेला असू शकतो. म्हणजे उत्तर 'नाही' आलं तरी ते 'हो' असू शकतं. शेवटी मी पॅकेजं उतरतात त्या नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये शिरून एकेक फाइल बघत बसलो. पगार याचाच घेतो बहुतेक मी.

टाइपच्या फाइली नव्हत्याच. आता डेफिनिटलीटाइप्ड. इथे नावाचीही गंमत आहे. पॅकेजचं नाव अ‍ॅटवालं असेल तर अ‍ॅट काढायचं आणि मधल्या तिरक्या रेघेच्या जागी दोन अंडरस्कोर टाकायचे. एक नाही, दोन. हे मला कोणी शिकवलं नाही, ठेचा खाऊनच कळलं. तर मिळाले टाइप. पॅकेज चौथ्या आवृत्तीचं, टाइप दुसऱ्या आवृत्तीचे. एडिटर बघा किती प्रेमळ : टिंब टाकल्याबरोबर फंक्शनांची यादी वाढून दिली, त्यातलं एक उचललं, लाल रेघ नाही, सगळं हिरवंगार. चालवलं तर 'इज नॉट अ फंक्शन'. ते फंक्शन तिसऱ्या आवृत्तीतच काढून टाकलं होतं! चूक कोड चालवायच्या आधी कळावी म्हणून 2012 मध्ये टाइपस्क्रिप्ट आलं ना? मग हे काय आहे? डेफिनिटलीटाइप्डवर फुकट राबणाऱ्या माणसांवर माझा राग नाही, दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडचे टाइप ती बिचारी आपला वेळ घालून लिहितात. राग आहे तो आपल्या पॅकेजात दोन वर्षांत कोण काय टाइप लावून वापरतंय याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या लेखकावर.

'नामांकित पॅकेजं वापर ना मग,' इति आमचे लीड. साहेब, एक्सप्रेसचे टाइप वेगळेच आणावे लागतात. लोडॅशचे वेगळेच. रिअ‍ॅक्टचेसुद्धा वेगळेच! अ‍ॅक्सिओस टाइप स्वतःसोबत घेऊन येतं. नावावरून काही कळत नाही, प्रत्येक वेळी खणायचंच.

तरी ऐकलं त्यांचं. दुसरं पॅकेज शोधलं, नावाशेजारी चक्क निळा टीएस. मनात म्हटलं, सुटलो. यावेळी कंपायलर म्हणाला : टाइप अमुक ठिकाणी आहेत, पण एक्सपोर्ट्सचा मान राखला तर तिथे पोचता येत नाही. च्यायला! काखेत कळसा आहे हे दिसतंय, बोट दाखवून सांगतोय, आणि तरी गावाला वळसा मला घालायला लावतोय. कारण काय, तर लेखकानं एक्सपोर्ट्स लिहिताना टाइपची ओळ घातलीच नाही. जुन्या मॉड्यूल रिझोल्यूशनमध्ये (पॅकेजातली फाइल शोधायच्या पद्धतीत) ते खपून जातं. 2022 मध्ये टाइपस्क्रिप्ट 4.7 सोबत आलेली नोड16 ही पद्धत वापरा, की पितळ उघडं. आमच्याकडे नोड16च आहे. भाड्याचं घर बघताना मालक 'पाणी आहे' म्हणतो, आणि राहायला गेल्यावर कळतं की ते पहाटे चारला येतं, तेही खालच्या नळाला. तसला हा निळा टीएस.

पॅकेजचे टाइप बरोबर आहेत की नाही हे तपासायला 'आर द टाइप्स राँग' नावाचं वेगळं साधन लोकांना बनवावं लागलं, यातच काय ते समजा. चांगलं आहे ते साधन. त्यानं मला लाल फुल्यांचा अख्खा तक्ता दाखवला. पण फुल्या बघून माझी एक्सेल फाइल वाचली जात नाही ना.

शेवटी पहिल्याच पॅकेजवर परत आलो आणि जे दुपारी दोनला करायला हवं होतं ते नऊ वाजता केलं : डिक्लेअर मॉड्यूल, पुढे पॅकेजचं नाव, अर्धविराम. सगळं एनी. रेघ गेली. वर कॉमेंट टाकली, 'टूडू : नीट टाइप लिहिणे'. त्या फाइलीत अशा अकरा ओळी आधीच होत्या, प्रत्येकीवर हेच टूडू. सात माझेच आहेत.