दान केलं म्हणून ईएसपीपीची सूट करमुक्त होत नाही

डिसेंबर आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर ईएसपीपीबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर सवलतीत मिळतात त्या योजनेबद्दल, हा मेसेज फिरतो: ‘ईएसपीपीचे शेअर विकू नका, थेट दान करा. विक्री नाही म्हणजे उत्पन्न नाही. ब्रोकरचा फॉर्म येत नाही, म्हणजे रिटर्नमध्ये काही दाखवायचं नाही. वर पूर्ण बाजारभावाची वजावट.’

‘विक्री नाही म्हणजे उत्पन्न नाही.’ बाजारातून स्वतः घेतलेल्या शेअरचं दान असेल तर ठीक. कंपनीने सवलतीत दिलेल्यांचं तसं नाही. अमेरिकेच्या आयकर कायद्यातल्या कलम ४२३ च्या योजनेत खरेदीच्या दिवशी त्या सवलतीवर कर लागत नाही. शेअर तुमच्या हातून जाईपर्यंत तो फक्त लांबतो. आणि हातून जाणं म्हणजे नुसती विक्री नव्हे, बक्षीस आणि दानही त्यातच येतं. पुण्यात आईच्या नावावर केले तरी तेच.

आकडेच घेऊ. ग्रँट डेटला, म्हणजे सवलतीत खरेदीचा हक्क मिळतो त्या दिवशी, भाव १०० डॉलर, सहा महिन्यांनी खरेदीच्या दिवशी १२०. दोन्हींतल्या कमी भावावर १५ टक्के सूट, म्हणून शेअर पडला ८५ ला. आज भाव १५०, आणि १०० शेअर संस्थेला दिले. ग्रँटपासून दोन वर्षं आणि खरेदीपासून एक वर्ष, दोन्ही उलटली असतील तर दोनपैकी लहान आकडा धरायचा: ग्रँटच्या दिवसाची सूट १५, किंवा आजचा फायदा ६५. म्हणजे १,५०० डॉलर, पगारासारखेच करपात्र. एक जरी मुदत हुकली तर शेअरमागे १२० वजा ८५, म्हणजे १०० शेअरचे ३,५००. नंतर भाव ८० वर कोसळला असला तरी हे ३,५०० सुटत नाहीत! असे पडलेले शेअर दान करूच नयेत. विकून तोटा पदरात घ्यावा आणि संस्थेला रोख द्यावी.

‘फॉर्म नाही, म्हणजे दाखवायचं नाही.’ विक्रीच नाही, म्हणून ब्रोकरचा विक्रीचा फॉर्म १०९९-बी येत नाही, एवढंच खरं. हे उत्पन्न डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे कंपनीच्या पगाराच्या वार्षिक दाखल्यात, यायला हवं, पण तुम्ही शेअर देवळाला दिलेत हे पेरोलवाल्यांना कळणार कसं? यावर कर आधी कापलाही जात नाही. डब्ल्यू-२ मध्ये नसेल तर पगाराच्या उत्पन्नात आपणच मिळवायचं. त्यासाठी ईएसपीपी खरेदीची नोंद असलेला फॉर्म ३९२२ लागतो. त्याच्या ३, ४ आणि ५ या चौकटींत ग्रँटचा भाव, खरेदीचा भाव आणि आपण मोजलेली किंमत असते. तो येतो खरेदीच्या पुढच्या जानेवारीत, दान होतं तीन वर्षांनी. माझा सापडला प्रेशर कुकरच्या वॉरंटी कार्डाखाली.

‘पूर्ण बाजारभावाची वजावट.’ खरेदीला वर्षाहून जास्त काळ झाला असेल तर बरोबर: १५,००० डॉलर. शिवाय दोन्ही मुदती उलटल्या असतील तर ८५ अधिक १५, म्हणजे १०० च्या वर वाढलेल्या ५० डॉलरवर कर नाही, आणि दानाचा खरा फायदा तोच. वर्ष झालं नसेल तर मात्र वजावट ८५ अधिक ३५, म्हणजे शेअरमागे १२० वरच थांबते. पूर्ण बाजारभावाची वजावट एका वर्षात समायोजित उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच मिळते, उरलेली पुढच्या पाच वर्षांत. ५०० डॉलरच्या वर गेलात की रोख नसलेल्या दानाचा फॉर्म ८२८३ जोडायचा. आणि स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेणाऱ्याला यातलं जवळपास काहीच मिळत नाही. २०२५ साठी जोडप्याचं ते ३१,५०० होतं. उत्पन्न मात्र वाढतं.

गावच्या शाळेच्या ट्रस्टला थेट शेअर दिले तर वजावट शून्य, कारण संस्था अमेरिकेत मान्यता असलेली लागते. ते १,५०० किंवा ३,५०० तरीही मोजावेच लागतात. ब्रोकरला पत्र देताना कोणत्या तारखेच्या खरेदीचे शेअर जाताहेत ते स्पष्ट लिहा, नाहीतर दोन वर्षं पुरी झालेले घरात राहतील आणि कोवळे संस्थेकडे जातील.