किती आले?

एमबीबीएसला इंटरव्ह्यू नसतो असं जो कोणी सांगेल, त्याच्या घरात नीटची परीक्षा दिलेलं लेकरू नाही असं खुशाल समजा. कागदोपत्री नसतो हे खरं आहे. १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा, आणि पुढचं सगळं रँकवर. बाई गं तुला डॉक्टर कशाला व्हायचं आहे हे कोणी विचारतच नाही. म्हणून ते विचारायचं काम बाकीच्या नागपूरने आपसात वाटून घेतलं आहे. आणि तो इंटरव्ह्यू पोरीचा होत नाही, आईचा होतो, कारण पोरगी रूमचं दार लावून बसलेली असते आणि साबुदाणा आणायला आई जाते.

माझा पहिला राऊंड पोरगी दहावी झाल्या झाल्या झाला, मानेवाड्यातल्या आमच्या किराणा दुकानात. "काय मॅडम, पोरीले कुठं टाकलं? रेग्युलर का इंटिग्रेटेड?" इंटिग्रेटेड म्हणजे अकरावी-बारावी आणि नीटचा क्लास एकाच ठिकाणी. मी म्हटलं, अर्धा किलो. "नाही म्हणजे कोट्याले नाही पाठवून राहिले का?" यावर मागे उभ्या असलेल्या, मी आयुष्यात कधी न पाहिलेल्या एका काकूंनी सांगितलं की त्यांच्या भाच्याला पाठवलं होतं, वाळून काडी झाला आणि आता एमपीएससी करून राहिला. मग दुकानदार आणि काकू दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही आता माझी टर्न आहे. मी साबुदाणा घेऊन निघाले तर मागून आवाज, "बायोले कोण आहे सर?"

ऑफिसातलं पॅनल जरा शिकलेलं. तिथे एक सर आहेत ज्यांना सगळं माहीत असतं पण पाच वर्षं आधीचं. म्हणाले, टेन्शन काऊन घेता, विदर्भातल्या पोरांसाठी ७० टक्के सीटा राखीव आहेत ना. मी म्हटलं सर ते ७०:३० सरकारने २०२० मध्येच काढलं, आता १५ टक्के ऑल इंडिया जातात, उरलेल्या ८५ टक्क्यांत सगळ्या महाराष्ट्राची एकच मेरिट लिस्ट, म्हणजे लातूरची पोरं पण आपल्याच लायनीत. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग तर कठीणच आहे तुमचं." आधी टेन्शन घेऊ नका म्हणायला आले होते, जाताना देऊन गेले.

परीक्षा ४ मे २०२५ ला होती, रविवारी. पेपर २ ते ५ आणि गेट दीडला बंद, म्हणजे मे महिन्यातलं नागपूर ज्या वेळेला कुत्रंसुद्धा बाहेर ठेवत नाही नेमक्या त्या वेळेला सगळ्या घरादाराने रस्त्यावर उभं राहायचं. हाफ बाह्या, साधी चप्पल, अंगावर धातूचं काही नको, पेनसुद्धा तिथेच मिळणार. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, टेकडीच्या गणपतीचा धागा आणला होता. तो गेटवर काढायला लावतील, मग पोरीचं मन खट्टू होईल, म्हणून नको म्हटलं, तर धागा वाया कसा घालवायचा, म्हणून तो माझ्या मनगटाला बांधला. म्हणजे पुढचे तीन तास गणपतीच्या हिशोबाने पेपर मीच देत होते. आणि खोटं कशाला सांगू, देतच होते, कारण बाहेर झाडाखाली बसलेले पालक एकमेकांना सोडतात थोडेच. "रिपीटर का?" "नाही, फर्स्ट अटेम्प्ट." "अच्छा." हा अच्छा लांबच लांब असतो, आणि त्यात तुमच्या पोरीला पुढच्या वर्षी पुन्हा इथेच बघू असं सगळं येऊन जातं.

पाच वाजता पोरं बाहेर आली ती फिजिक्सला शिव्या देतच. निम्म्या पोरी रडत होत्या. आमची रडत नव्हती, तिने फक्त विचारलं, "आई, आपण आता रसवंतीवर जाऊ शकतो का?" आणि गाडीत बसल्यावर झोपली. रस राहूनच गेला.

निकाल १४ जूनला लागला आणि खरा इंटरव्ह्यू सुरू झाला. यात एकच प्रश्न असतो. किती आले? आता भानगड अशी की लोकांच्या डोक्यात माप २०२४ चं. त्या वर्षी आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, मग गाजावाजा झाला, कोर्टकचेरी झाली आणि सुधारून ते १७ वर आले, पण तरी साडेसहाशेच्या खाली बोलायचीच सोय नव्हती. २०२५ ला पेपर इतका कठीण की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. हे कोणाला समजावून सांगायचं? आकडा सांगितला की समोरचा माणूस "ओह" म्हणायचा आणि आवाज खाली आणून "बीडीएस पण चांगलंच असते हो" असं सुरू करायचा. मग मी आधी प्रस्तावना करायला लागले, की बघा यंदा पेपर कसा होता, टॉपरला किती, कटऑफ किती घसरला, आणि मग आकडा. तर लोक म्हणायला लागले, एवढं सांगून राहिली म्हणजे कमीच आले असतील. शेवटी मी "चांगले आले" एवढंच म्हणायचं ठरवलं. तुम्हालाही तेच सांगते. चांगले आले.

आता जिथे खरोखरचा इंटरव्ह्यू असतो असं एक ठिकाण आहे, पुण्याचं एएफएमसी, म्हणजे लष्कराचं मेडिकल कॉलेज. नीट तर लागतंच, त्याच्या वर इंग्रजी आणि लॉजिकची वेगळी परीक्षा, मग मानसिक चाचणी, मग ५० मार्कांचा इंटरव्ह्यू, आणि मुलींना जागा फक्त ३०. आम्ही भरून ठेवावं म्हणून ऑप्शन भरला होता. ही गोष्ट मी ताईला सांगितली आणि ताईने मावसाजींना सांगितली. ताईचे मिस्टर, म्हणजे पोरीचे मावसाजी, कामठीला राहतात, लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटमधून सुभेदार होऊन रिटायर झालेले. कॉल यायचा होता, येईल याची काही गॅरंटी नव्हती, पण मावसाजी दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांना पॉलिश करून आमच्या दिवाणखान्यात हजर.

पॅनल बसलं. मधे मावसाजी, एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय ८५, कानाला मशीन. पोरीला बाहेर पाठवलं आणि दारावर टकटक करून आत यायला लावलं. "मे आय कम इन सर" हे बरोबर येईपर्यंत ती स्वतःच्याच घरात इतक्या वेळा आत आली की शेजारच्या वहिनी बघायला आल्या. मग मावसाजींनी खर्जात विचारलं, "डॉक्टर का व्हायचं आहे?" पोरगी म्हणाली, सर, मला बायो आवडतं. "ते ठीक आहे. देशासाठी काय करणार?" पोरगी म्हणाली, सर, आधी झोपणार. आमचे हे हसले, त्यांना मावसाजींनी पॅनलची शिस्त पाळा म्हणून दटावलं. मग मामाजींची पाळी. त्यांनी बराच विचार करून विचारलं, "बेटा, जेवली का?" हा एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर तिने कॉन्फिडन्सने दिलं. शेवटी मावसाजींनी खिशातून डायरी काढून ५० पैकी ३१ दिले. १९ कशाचे कापले म्हणून विचारलं तर म्हणाले, पॅनलसमोरच्या वाटीतले काजू कँडिडेटने उचलले.

एएफएमसीच्या यादीत नाव आलं नाही. पण ३१ मार्क मावसाजींच्या डायरीत अजून आहेत.

यापुढची मंडळी टेबलाच्या पलीकडे बसणारी. आम्ही ओबीसी, म्हणजे जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि कास्ट व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि जितका जुना तितका चांगला. म्हणजे अठरा वर्षांच्या पोरीने मिटोकॉन्ड्रिया पाठ करायचा आणि आम्ही तिच्या आजोबांचा जन्म सिद्ध करायचा. मामाजींचं गाव काटोलकडे. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात नाव सापडलं, जात नीट लिहिलेली, फक्त जन्मतारीख १ जुलै, कारण त्या काळच्या गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यांनाच १ जुलैला जन्माला घातलं होतं. मग कोणीतरी सांगितलं की कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढा, पक्कं काम होईल.

रेकॉर्ड रूममध्ये मामाजी स्वतः आले, ऐकेचनात. बाबूंनी कापडात बांधलेला गठ्ठा सोडला, १९४० सालचा. पानं अशी की श्वास जोरात घेतला तर एखादा जन्म उडून जाईल. बोट फिरवत फिरवत ते थांबले. मामाजींच्या वडिलांचं नाव होतं, जात होती, गाव होतं, आणि पुढे फक्त लिहिलं होतं, मुलगा. नाव नाही. कारण कोतवाल नोंद करायला आला तेव्हा बारसंच व्हायचं होतं.

बाबू म्हणाले, "हा मुलगा म्हणजे तुम्हीच कशावरून?"

मामाजी म्हणाले, "मीच आहो ना. मले माहीत आहे."

"आजोबा, तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

"तुम्ही तेव्हा होते का तिथं?"

"नव्हतो."

"मी होतो."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अख्ख्या ॲडमिशनमध्ये इतका बिनतोड जबाब आमच्याकडून दुसरा कोणी दिला नाही. अर्थात त्याने काही झालं नाही, वंशावळ जोडा, शपथपत्र जोडा, शाळेचा उतारा सोबत लावा असं सगळं झालं, पण परतताना मामाजी एकदम खुशीत होते. म्हणे, जन्म पोळ्याच्या आसपासचा निघाला, आई म्हणायची ते खरं होतं, पंच्याऐंशी वर्षं चुकीच्या दिवशी पेढे खाल्ले.

मेडिकल फिटनेसचं सर्टिफिकेट त्या मानाने सोपं. डॉक्टर व्हायला निघालेलं लेकरू धडधाकट आहे असं डॉक्टरने लिहून द्यायचं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पोरीचं बीपी बघितलं, ११० बाय ७०. मग सहज म्हणून माझं बघितलं. पट्टा फुगवता फुगवता विचारलं, "किती आले?" आकडा वर गेला. फिटनेस पोरीला मिळाला, गोळी मला.

प्रेफरन्स फॉर्म भरायच्या रात्री आमच्या ह्यांनी लॅपटॉपवर कलर केलेला तक्ता उघडला. आधी मेडिकल, म्हणजे नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, तिथे २५० सीटा, मग मेयो, नागपूरचंच दुसरं सरकारी, मग यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, मग २०२४ ला सुरू झालेली नवीन, भंडारा, गडचिरोली, वाशिम. मिहानमधलं एम्स घरापासून बघायला गेलं तर जवळच, पण ते ऑल इंडियातून, त्याचा पत्ता वेगळा. तक्ता मागच्या कटऑफवर बांधलेला, फार अभ्यासपूर्ण. आत्याबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, भंडारा वर घ्या, तिथं माझी नणंद आहे. वाशिम नको. का? तर वाशिमच्या एका लग्नात त्यांचा मानपान झाला नव्हता. हे लग्न माझ्या लग्नाच्याही आधीचं. आमच्या ह्यांनी कटऑफ, हॉस्पिटलच्या खाटा, पेशंटलोड सगळं समजावलं. आत्याबाई म्हणाल्या, पेशंट तं सगळीकडेच भेटतील. वाशिम एक नंबर खाली गेलं.

मग वेबसाईट, मग ओटीपी. ओटीपी आला की पान बंद, पान उघडलं की ओटीपी म्हातारा. फोटो ठरलेल्या केबीच्या आत बसवता बसवता पोरीचा चेहरा असा झाला की आधार कार्डवरची तीच बरी दिसायला लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत असते, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी मारबत निघाली की मागून बडगे निघतात, महागाईचे, पुढाऱ्यांचे, जे काही वर्षभर छळतं त्याचे. मी ह्यांना म्हटलं की यंदा महाल भागात जाऊन एक बडग्या त्या सर्व्हरचा काढायला पाहिजे होता, इडा पिडा घेऊन जा गे मारबत आणि जाता जाता कॅप्चा पण घेऊन जा. तर हे म्हणतात, हळू बोल, यादी लागायची आहे.

लागली. विदर्भातच, सरकारी. नाव सांगत नाही, कारण मग त्यावरून कटऑफ काढाल आणि त्यावरून मार्क.

ॲडमिशनच्या दिवशी मी ओरिजिनलची फाईल, झेरॉक्सचे सेट, फोटो, स्टेपलर, गोंद, जास्तीचा गोंद असं सगळं घेऊन काउंटरवर गेले. दोन वर्षांत तयारी अशी झाली होती की मला कुठूनही विचारा. स्टेटस रिटेन्शन म्हणजे काय, विचारा. काउंटरवरच्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "फक्त स्टुडंट आत. पालक बाहेर." पोरगी फाईल घेऊन गेली. मला एक शब्द कोणी विचारला नाही.

बाहेर कडुनिंबाखाली तर्री पोहे घेऊन उभी राहिले. शेजारी एक गृहस्थ, हातात पोरीच्या शाळेची डायरी, नुसतंच कॉलेज बघायला आलेले, पोरगी अकरावीत. त्यांनी दबकत विचारलं, "मॅडम, नॉन-क्रीमी कुठून काढली तुम्ही?" मी सेतू केंद्रापासून सुरुवात केली, व्हॅलिडिटी आत्ताच टाका म्हटलं, आजोबांची शाळा कोणती ते शोधून ठेवा, कोतवाल बुक बघा. ते बिचारे डायरीत लिहून घेत होते. पोहे संपले. प्लेट ठेवली, हात पुसले.

"बरं, पोरगी कुठं टाकली? इंटिग्रेटेड का रेग्युलर?"

"रेग्युलर."

"अच्छा," मी म्हटलं. "आणि दहावीले किती होते?"