वडापावच्या गाडीवर वडापाव विकू नका

तर तुम्ही वडापावची गाडी लावायचं ठरवलंय. अभिनंदन. फक्त एक पथ्य पाळा: वडापाव विकून पैसे कमवायच्या फंदात पडू नका. बटाटे, बेसन, तेल, पाव यांचा खर्च काढायचा, वर चार रुपये सुटतील असा भाव लावायचा आणि रात्री गल्ला मोजायचा, ही आजोबांच्या काळातली रीत. आज एखाद्या गुंतवणूकदाराला असं काही सांगितलंत, तर तो चहासुद्धा पाजणार नाही.

आमच्या प्रिंटरकडून शिका. धाकट्याच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो घेतला तेव्हा इतका स्वस्त मिळाला की दुकानदाराची दया आली. शाई संपल्यावर कळलं, दया कुणाची यायला हवी होती. काळं आणि रंगीत अशी दोन कार्ट्रिज घेतली की जवळजवळ नवा प्रिंटर येतो. मागच्या आठवड्यात सातबारा छापायचा होता. यंत्र म्हणालं, पिवळी शाई संपली, छापणार नाही. अहो, आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं आहेत, सूर्यफुलं नाहीत! ऐकेना.

दाढीच्या रेझरची दांडी फुकटात द्यायची आणि पाती महाग विकायची, ही युक्ती किंग जिलेट यांची, असं सगळे व्यवस्थापनगुरू छातीठोक सांगतात. प्रत्यक्षात पेटंट हातात होतं तोवर या गृहस्थांनी दांडीचेही पाच डॉलर मोजून घेतले, आणि त्या काळात ती रक्कम थोडीथोडकी नव्हती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, दुसरेही दांड्या बनवू लागले, तेव्हा कुठे स्वस्ताई आली. बोध घ्या. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वाट नाही तोवर दोन्ही हातांनी घ्या. वडा पाच रुपयांना द्या, पण चौकोनी वळा. शेजारच्या गाडीवरच्या पावात तो बसता कामा नये. चौकोनी पाव तुमच्याकडेच, पंचवीस रुपये.

आता फुकटाचं शास्त्र. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट होता. घरोघरी लोकांनी सिम घेतलं, सवय लागली, मग पैसे सुरू झाले. यात नवल नाही, चहाच्या कंपन्यांनीही आपल्याला असंच लावलं. खरी प्रतिभा दिसते ती २८ दिवसांच्या महिन्यात. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो; मोबाइल कंपन्यांनी तो दरवर्षी आणला. वर्षाला तेरा रिचार्ज! पंचांगातल्या अधिकात निदान जावयाला अनारसे तरी मिळतात. २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने बजावलं की बाबांनो, एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा. ठेवले. पण सवय २८ चीच राहिली. तेव्हा तुम्हीही वडापावचा मासिक पास काढा, २८ दिवसांचा. पैसे भरून न फिरकणारं गिऱ्हाईक हे सर्वोत्तम गिऱ्हाईक, हे कुठल्याही जिमवाल्याला विचारा.

मल्टिप्लेक्सवाल्यांना तिकिटातला मोठा वाटा वितरकाला द्यावा लागतो, लाह्यांमधला द्यावा लागत नाही. वड्यात मीठ थोडं जास्त घाला आणि पाण्याची बाटली विका. एवढं पुरे.

याहून वरची पायरी म्हणजे काहीच न विकता पैसे घेणं. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपनी २०२३ मध्ये ‘प्लॅटफॉर्म फी’ लावली, दोन रुपये. दोन रुपयांसाठी कोण भांडतो? कुणी भांडलं नाही, आणि ती दहाच्या पुढे गेली. दादरला दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं तर दोन तास उभं तरी राहता येतं. तुम्ही ‘गाडीसमोर उभे राहण्याचा आकार’ दोन रुपये लावून बघा.

आणि हो, क्यूआर कोडशेजारी तो बोलका डबा ठेवा. यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचं नाही, असं सरकारने जानेवारी २०२० पासून ठरवलं. मग ॲपवाल्यांनी जगायचं कसं? डब्याला भाडं लावून. पैसे तुमचे, आलेत हे ओरडून सांगायला महिन्याचं भाडं तुमचंच. शिवाय गल्ल्यात रोज किती पडतं हे त्यांना कळतं, म्हणजे कर्ज घ्या म्हणून फोनही त्यांच्याकडूनच.

काही मागासलेले लोक अजून आहेत. डीमार्टवाले बहुतेक दुकानांच्या जागा भाड्याने न घेता विकतच घेतात, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याबदल्यात भाव पाडून घेतात आणि साबण स्वस्त विकून साबणावरच नफा काढतात. त्यांच्या नादी लागू नका, त्याला फार काम पडतं.

हे सगळं मी आमच्या कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला फुकट समजावलं. एक हात पिठात, दुसऱ्या हाताने झारा धरलेला, तरी निमूट ऐकत होता. सुकी चटणीही नेहमीसारखी न मागता वर घातली. मग म्हणाला, “काका, पटलं. तुमच्यापासूनच सुरुवात करतो. वहीत तुमचे तीनशे साठ झालेत.”

“अरे, आपलं महिन्याच्या महिन्याला ठरलंय ना? महिना कुठे भरलाय?”

“भरला की,” तो म्हणाला, “कालच अठ्ठावीस झाले.”