सलीलदांनी चाली 'रिपीट' केल्या म्हणे!

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. संगीतकार सलील चौधरींची हिंदी गाणी म्हणजे त्यांच्याच बंगाली गाण्यांवर हिंदी शब्द चिकटवलेले, पाश्चात्य संगीतकार मोझार्टही सोडला नाही, माणसाला नवीन काही सुचतच नव्हतं, उगाच महान म्हणून डोक्यावर घेतलंय. माझ्या तीन ग्रुपवर आला आणि तिन्हीकडे लोकांनी खाली हसण्याचे इमोजी टाकले. मला खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिलं, बंगालीतल्या चाली हिंदीत आल्या हे खरंच आहे आणि त्यात लपवालपवी कसली? 'ओ सजना बरखा बहार आयी' (परख, 1960) ही चाल त्याआधी बंगालीत 'ना जेओ ना' म्हणून आली होती, 'माया'तलं 'जा रे जा रे उड जा रे पंछी', 'आनंद'मधलं 'ना जिया लागे ना' यांचीही बंगाली भावंडं आहेत, आणि गंमत म्हणजे ही सगळी दोन्ही भाषांत आपल्या लताबाईंनीच गायलीत. चोरी करणारा माणूस तोच आवाज घेऊन परत उभा राहील का हो? बंगालमध्ये दुर्गापूजेला नवीन गाण्यांच्या रेकॉर्ड निघायच्या, सिनेमाशी संबंध नसलेली गाणी, आपल्याकडच्या भावगीतांसारखी समजा, ती कलकत्त्यात घराघरात वाजायची पण नागपूर-सोलापूरच्या माणसाच्या कानावर कधी पडणार? तीन मिनिटांच्या एका रेकॉर्डमध्ये एवढी सुंदर चाल बंद करून ठेवायची आणि बाकीच्या देशानं ती ऐकूच नये असं म्हणणं आहे का?

आता 'नुसते शब्द बदलले' हा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात चुकीचा. हे लिहिण्याआधी काल रात्री हेडफोन लावून 'ना जेओ ना' आणि 'ओ सजना' एकामागून एक पाच-सहा वेळा ऐकली. बंगालीत पहिलाच शब्द 'ना' आहे, म्हणजे जाऊ नकोस, रात्र अजून शिल्लक आहे, समोर माणूस आहे आणि त्याला थांबवायचंय. हिंदीत त्याच जागेवर गीतकार शैलेंद्रनी 'ओ' ठेवलाय, म्हणजे माणूस समोर नाहीये, त्याला हाक मारायचीय, आणि बाहेर पाऊस. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर आलं आणि अख्खं गाणं फिरलं! तिथे विनवणी आहे, इथे वाट बघणं. लताबाईंचा तो 'ओ' नीट ऐका, बंगालीतल्या 'ना'पेक्षा वेगळा लागतो, आणि 'परख'मधलं ते सतारीचं काम, ते तर पावसाचंच आहे. बरं 'परख'ची कथाही सलीलदांचीच होती, त्यामुळे या जागी कुठली चाल हवी हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं?

तिसरं, 'सगळं बंगालीतूनच उचललं'. नाही हो. 'आजा रे परदेसी'ची धून आधी 'जागते रहो'च्या (1956) पार्श्वसंगीतात आहे, म्हणजे हिंदीतून हिंदीतच, शब्दांशिवाय पडून असलेल्या एका तुकड्याचं 1958 ला 'मधुमती'त गाणं झालं आणि त्याच गाण्यासाठी लताबाईंना पहिलं फिल्मफेअर मिळालं. सिनेमाच्या मागे वाजणारं कोण लक्षात ठेवतं? त्यांनी ठेवलं. आता याला आळस म्हणायचं असेल तर माझ्याकडे शब्द नाहीत.

मोझार्टचं म्हणाल तर हो, 'छाया'मधलं (1961) 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' 40 व्या सिंफनीवरून सुरू होतं, नाकारायचं काही कारणच नाही. पण तो मुद्दा वेगळा, दुसऱ्याकडून घेणं आणि आपलंच परत घडवणं याची मिसळ करू नका. आणि तिथेही घेतलीय ती सुरुवातीची ओळख, अंतरा ऐका, तो त्यांचा स्वतःचा आहे.

आणि 'सुचत नव्हतं' यावर काय बोलायचं, 'दो बिघा जमीन', 'काबुलीवाला'तलं 'ऐ मेरे प्यारे वतन', मल्याळममधलं 'चेम्मीन', 'रजनीगंधा', या सगळ्यात चालींचा दुष्काळ दिसतो का तुम्हाला? आपण मराठी माणसांनी तर हे बोलूच नये. भास्करबुवा बखल्यांनी 1916 ला 'स्वयंवर' या संगीत नाटकाच्या पदांना आधीपासूनच्या बंदिशींच्या चाली दिल्या, त्या पदांवर आपल्या पिढ्या वाढल्या, त्याला कधी कोणी कॉपी म्हटलं नाही.

शेवटचं उदाहरण, कारण ते माझ्या फार जवळचं आहे. 'आनंद'मधलं 'कहीं दूर जब दिन ढल जाए' लहानपणापासून ऐकतोय, मुकेशचा आवाज, राजेश खन्ना, ती हळूच येणारी सांज. खूप वर्षांनी त्याच चालीवरचं हेमंतकुमारांचं 'आमाय प्रश्न करे नील ध्रुवतारा' ऐकलं. निळा ध्रुवतारा विचारतोय, अजून किती दिवस असा दिशाहीन फिरणार. चाल तीच, पण मला राजेश खन्ना दिसलाच नाही, दिसला एक चालत राहिलेला माणूस आणि वर रात्रीचं आभाळ. हिंदीतली संध्याकाळ बंगालीत आधीच उलटून गेली होती.