बंद केलेला डोमेन कंट्रोलर अजून डोमेनमध्येच असतो

डोमेन कंट्रोलर (डीसी) म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधली, म्हणजे डोमेनमधली, खाती आणि लॉगिन सांभाळणारा विंडोज सर्व्हर; ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही त्याची खात्यांची नोंदवही, आणि रेप्लिकेशन म्हणजे ती एका डीसीवरून दुसऱ्यावर उतरणं. 'नवा विंडोज सर्व्हर २०२२ डोमेन कंट्रोलर केला, रेप्लिकेशन झालं, की जुना बंद करा. बाकीचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी बघून घेते. जुनं मशीन बॅकअप म्हणून ठेवा, नाहीतर फाइल सर्व्हर करा.' हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. तो मानणाऱ्याला फटका त्याच दिवशी बसत नाही, म्हणून तो खरा वाटतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी बघून घेत नाही. पाच एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) जुन्या डीसीवर असतील, तर वीज काढल्याने ते हलत नाहीत. त्यातल्या रिड मास्टरचंच घ्या; नव्या खात्यांना लागणारे क्रमांक, म्हणजे रिड, तो वाटतो. प्रत्येक डीसीकडे ५०० रिडचा साठा येतो. तो पुरेल तोवर नवे युजर तयार होतात, सगळं सुरळीत दिसतं. साठा संपला की एका सकाळी नवं अकाउंट बनत नाही, आणि तोवर जुना सर्व्हर कुठे गेला हेही कुणाला आठवत नसतं. पीडीसी एम्युलेटर हा दुसरा रोल गेला तर सगळ्या डोमेनच्या घड्याळाचा आधारच जातो, आणि लॉगिन तपासणारी केर्बेरॉस पद्धत मुळात ५ मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. रोल आधी हलवा, 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' चालवून खात्री करा, मग जुना डीसी रीतसर डिमोट करा, म्हणजे त्याचं डीसीपण काढून घ्या.

डीएनएसचं, म्हणजे नावावरून मशीनचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचं, तर कुणी बोलतच नाही; ती सेवाही बहुतेकदा जुन्या डीसीवरच असते. मशीनना पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीत नवा पत्ता टाकला तरी प्रिंटर, नॅस (नेटवर्कवरची साठवणूक), हजेरीचं मशीन यांच्यात जुना आयपी हाताने भरलेला असतो. जुन्या डीसीवर डीएनएस लॉगिंग चालू करून आठवडाभर बघा, कोण अजून त्यालाच विचारतंय.

हे मात्र मान्य, की मेलेल्या डीसीची मेटाडेटा सफाई (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या त्याच्या नोंदी काढणं) सर्व्हर २००८ पासून सोपी झाली. कॉम्प्युटर ऑब्जेक्ट डिलीट केला की बरंच काम होतं. डीएनएसमधल्या उरलेल्या नोंदी तरीही हाताने तपासाव्या लागतात.

सगळ्यात घातक भाग म्हणजे 'बॅकअप म्हणून ठेवा'. टूमस्टोनची, म्हणजे डिलीट झालेल्या गोष्टीची खूण जपून ठेवण्याची, मुदत साधारण १८० दिवस. त्यानंतर कपाटातला डीसी चालू केला, तर मधल्या काळात डिलीट झालेली अकाउंट त्याच्याकडे अजून जिवंत असतात. रोल सीझ केल्यानंतर, म्हणजे जुना डीसी बंद असताना ते जबरदस्तीने दुसऱ्याकडे घेतल्यानंतर, तो परत आला, तर एकाच डोमेनमध्ये दोन रिड मास्टर. बॅकअप हवा असेल तर सिस्टिम स्टेटचा (ॲक्टिव्ह डिरेक्टरीसकट सिस्टिमच्या मुख्य भागांचा) घ्या, आणि दुसरा नवा डीसी उभा करा.

फाइल सर्व्हर करायला माझी हरकत नाही, पण आधी डिमोट करा, डिस्क पुसा आणि चालू सपोर्टची सिस्टिम नव्याने टाका. विंडोज सर्व्हर २०१२ आरटूचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला. नुसत्या बंद केलेल्या डीसीच्या डिस्कवर एनटीडीएस डेटाबेस (ॲक्टिव्ह डिरेक्टरीची फाइल) जसाच्या तसा असतो, म्हणजे प्रत्येक युजरच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं), ॲडमिनिस्ट्रेटरसकट. ती डिस्क न पुसता भंगारवाल्याला दिली, तर कंपनीतल्या प्रत्येक खात्याची किल्ली त्याच्या टेम्पोत असते.